तक्त्याबाहेरचे अठ्ठावन्न

पुसद
१४ ऑगस्ट १९९९

प्रिय प्रतिमा,

तुझी ताई म्हणते, मेहुणीची आठवण तुम्हाला काम असलं की होते. आरोप मान्य. आजही कामच आहे.

सोबत एक रंगीत पत्रक पाठवतोय. औषध कंपनीचा एमआर देऊन गेला. गुडघेदुखीच्या नव्या गोळीचं आहे. खाली बारीक अक्षरात ज्या संशोधनाचा दाखला दिलाय ते तुमच्या चंडीगडचं निघालं, आणि पहिलं नाव डॉ. इंद्रजित यांचं. तू ज्या ट्रस्टच्या हॉस्पिटलात ग्रंथपाल आहेस, तिथलेच ना हे? मला मूळ लेख हवाय, पूर्ण. झेरॉक्स काढून पाठव. पुसदला असली मासिकं कोण मागवणार?

मार्चपासून मी ही गोळी देतोय. एकतीस वर्षांच्या प्रॅक्टिसमध्ये इतका झटपट गुण मी पाहिलेला नाही. एका बाईंना जिना बसत बसत उतरावा लागायचा. त्या आता कठड्याला हात न लावता उतरतात. तेवीस ऑक्टोबरला यवतमाळला आमच्या डॉक्टरांची सभा आहे. तिथं यावर बोलायचं मला आमंत्रण आहे. आयुष्यात पहिल्यांदा व्यासपीठावर चढणार, तर निदान वाचून जावं.

सरला बरी आहे. शाळेतून निवृत्त झाली तरी गल्लीतल्या मुलांना गणितं घालणं सुटलेलं नाही. शिशिररावांना नमस्कार. रेवा आता मराठीत बोलते का, की अजून 'हां मौसाजी'च?

तुझा,
श्यामकांत


चंडीगड
२ सप्टेंबर १९९९

भाऊजी, नमस्कार.

लेख सोबत आहे, आठ पानं. समासात पेन्सिलीनं लिहिलंय ते माझं. खोडून टाकणार होते, मग मुद्दाम ठेवलं.

तुम्हाला सांगितलं नव्हतं, पण दीड वर्षापासून मी शनिवारी दुपारी वाचनालयात एक वर्ग घेते. शिकाऊ डॉक्टर येतात, दहा-बारा जण. सुरुवात एका मुलीमुळे झाली. ती एका औषधाच्या बाजूनं लिहिलेले लेख मागायला आली. मी विचारलं, आणि विरुद्ध असलेले? ती म्हणाली, "वो नहीं चाहिए, मैडम." तिचं काही चुकलं असं तिला वाटलं नाही, पण मला त्या दिवशी खुर्चीत बसवेना. वीस वर्षं मी मागेल त्याला मागेल तो कागद काढून देत आले होते. मग वाचत गेले, दिल्लीला जाऊन दोन प्रशिक्षणं केली, आणि वर्ग सुरू केला. एक लेख घ्यायचा आणि त्याला प्रश्न विचारायचे. अभ्यासात कोणाला घेतलं? दोन गट कसे पाडले? शेवटपर्यंत किती उरले? मी डॉक्टर नाही, हे पहिल्याच तासाला सांगते. पण कोणाला मोजलं आणि कोणाला नाही, हे बघायला डॉक्टर असावं लागत नाही.

आता या लेखाचं. पान दोनवर लिहिलंय की दोनशे बारा रुग्ण घेतले. निम्म्यांना नवी गोळी, निम्म्यांना जुनी. पान पाचवरच्या तक्त्यात एकशे चोपन्न आहेत. मधले अठ्ठावन्न कुठे गेले? एका ओळीत उत्तर आहे: 'पुढील तपासणीस आले नाहीत.' आता या अठ्ठावन्नांतले जुन्या गोळीवरचे सतरा, आणि नव्या गोळीवरचे एक्केचाळीस. नव्या गोळीनं इतका आराम पडत होता तर तिच्यावरचेच लोक दुपटीहून जास्त का निघून गेले? लेखात कुठेही लिहिलेलं नाही. जे टिकले त्यांच्यावरून टक्केवारी काढलीय आणि तीच तुमच्या रंगीत पत्रकावर आहे.

गोळी वाईट आहे असं मी म्हणत नाही. मला माहीत नाही. इतकंच म्हणते, की हा लेख वाचून तुम्हालाही माहीत होणार नाही. यवतमाळला बोलण्याआधी एकदा विचार करा.

परवा ताईच्या वाढदिवसाला फोन केला तेव्हा ती बोलता बोलता दोनदा थांबली. दम लागल्यासारखी. तिला काही होतंय का?

प्रतिमा


पुसद
२० सप्टेंबर १९९९

प्रतिमा,

झेरॉक्स मिळाली. आभार.

तुझी पेन्सिल वाचली. हुशार आहेस, लहानपणापासून आहेस. पण एक गोष्ट तुला सांगायला हवी. तू पुस्तकांत बसून माणसं मोजतेस. मी माणसांत बसतो. पेशंट परत आला नाही याचा अर्थ काय असतो हे मला विचार. बरं वाटलं की तो येत नाही. मग बसभाडं घालून, रोजी बुडवून, तासभर बाकावर कशाला बसेल? माझ्या दवाखान्यात जो येत नाही तो बरा झाला, हे मी एकतीस वर्षं पाहत आलोय. तुझे एक्केचाळीस मला गोळीचा गुणच वाटतात.

तू कधी पेशंटच्या अंगाला हात लावलेला नाहीस. हे टोचून लिहीत नाही, पण खरं आहे. ज्या बाईंबद्दल मी लिहिलं त्यांना तू गेल्या वर्षी पाहायला हवं होतंस. खाली वाकता येत नव्हतं. पायातली वहाण दुसऱ्यानं चढवावी लागायची. त्यांचा चेहरा आता कसा झालाय, हे कुठल्या तक्त्यात बसवशील?

सरलाला काही झालेलं नाही. बासष्ट वर्षांची आहे, थोडा दम लागणारच. मी यवतमाळला बोलणार आहे.

श्यामकांत


चंडीगड
९ ऑक्टोबर १९९९

भाऊजी,

तुमचं पत्र चार वेळा वाचलं. बसमध्ये, मग जेवणाच्या सुट्टीत, मग परत घरी. उत्तर लिहू नये असं शिशिर म्हणतो, पण मला स्वस्थ बसवत नाही.

पेशंटच्या अंगाला हात लावलेला नाही, हे बरोबर. हे वाक्य मला गेल्या महिन्यात दुसऱ्यांदा ऐकायला मिळालं, म्हणून जरा जास्त लागलं. पण मी विचारते ते सरळ सांगा. यवतमाळच्या सभेचा मंडप कोण घालतंय? ती कंपनीच ना? आणि बोलणाऱ्या डॉक्टरांना सिंगापूरला नेतात असं इथं ऐकते, ते तुमच्या बाबतीत खरं आहे का? तसं असेल तर मग आपण उगाच तक्त्यावर वाद घालतोय.

वर्ग सध्या बंद आहे. मुलांच्या परीक्षा आहेत. मी जुन्या मासिकांच्या बांधणीचं काम बघते, धूळ फार आहे, त्यामुळे अक्षर असं येतंय.

रागात लिहिलंय हे मला कळतंय. तरी टाकते.

प्रतिमा


पुसद
२८ ऑक्टोबर १९९९

चि. पमी,

तुझं हे शेवटचं पत्र मी फोडलं. यांच्या नावाचं होतं, तरी फोडलं. दोन महिने तुम्ही दोघं माझ्याबद्दल एकमेकांना लिहिताय, आणि मला कोणी काही विचारत नाही.

कठड्याला हात न लावता जिना उतरणारी म्हणून यांनी तुला जिच्याबद्दल लिहिलं, असं आता यांच्याकडून कळलं, ती बाई म्हणजे मी. मार्चपासून ती गोळी घेते. यांनी तुला सांगितलं नाही. घरच्या माणसावर औषध चालवतो हे सांगायला डॉक्टर लोक लाजतात, असं मला वाटतं. गुडघे खरंच मोकळे झाले, त्यात खोटं नाही. महिन्याभरातच स्वतःच्या पायातली वहाण मी स्वतः घातली, त्या दिवशी यांचे डोळे भरून आले होते. सिंगापूरचं जे लिहिलंस ते मनातून काढून टाक. त्यांना ती गोळी चांगलीच असायला हवी होती, ती माझ्यासाठी.

पण मे महिन्यापासून माझे पाय संध्याकाळी सुजायला लागले. जिना चढताना छातीत भरून यायचं. हे म्हणाले, वय झालं. मीही मान हलवली. मग तुझी ती झेरॉक्स आली. इंग्रजी मला अर्धंच कळलं, पण आकडे सगळे कळले. दोनशे बारातून एकशे चोपन्न गेले की किती उरतात हे मी तीस वर्षं पाचवीच्या पोरांना शिकवलंय. जे वजा झाले त्यांच्यात मी आहे का, असं मनात आलं आणि ते जाईना.

मग मी एक केलं. हे रोज सकाळी चहाबरोबर गोळी हातावर ठेवतात. दहा सप्टेंबरपासून चौदा दिवस मी ती गिळली नाही, पावडरच्या रिकाम्या डब्यात टाकली. पुढचे चौदा दिवस घेतली. पुढचे चौदा पुन्हा नाही. रोज सहा वाजता शिवणाच्या टेपनं घोट्याचं माप घेतलं आणि भिंतीवरच्या कॅलेंडरवर त्या त्या चौकोनात लिहिलं. गोळी नसताना साडेआठ इंच, असताना सव्वानऊ, एकदा साडेनऊ. नसताना दम नाही, पण गुडघे पुन्हा करकरतात. असं दोन्हीकडून स्वच्छ दिसलं.

सभेच्या आदल्या दिवशी जेवणं झाल्यावर कॅलेंडर खाली काढून यांच्यापुढे ठेवलं. त्यांनी सप्टेंबरचं पान पाहिलं, ऑक्टोबरचं पाहिलं, परत सप्टेंबरचं. मग माझा पाय मांडीवर घेतला आणि नडगीवर अंगठ्यानं दाबून पाहिलं. म्हणाले, "मला का नाही सांगितलंस?" मी म्हटलं, "सांगितलं होतं. तुम्ही वय म्हणालात."

दुसऱ्या दिवशी यवतमाळला मीही गेले, शेवटच्या रांगेत बसले. यांचं नाव पुकारलं. माइकपाशी जाऊन हे म्हणाले, "मी ही गोळी दवाखान्यातल्या सतरा जणांना दिली. नऊ परत आले, ते बरे आहेत म्हणाले. आठांचं मला माहीत नाही. माहीत झालं की बोलेन." आणि खाली उतरले. कंपनीच्या माणसानं टाळ्या वाजवल्या, त्याला वाटलं ही सुरुवात आहे.

तेव्हापासून मात्र घरात येरझारा घालतात. त्या आठांचे केसपेपर काढून टेबलावर ठेवलेत, पण बाहेर पडत नाहीत. विचारलं तर म्हणतात, उद्या. घाबरलेत. तूच काहीतरी लिही.

आणि आता तुझं. परवा तुमच्याकडे फोन केला, तू नव्हतीस. रेवा म्हणाली, "मौसी, मम्मी को तो बेसमेंट में भेज दिया. क्लास बंद करवा दी." तुझ्या मुलांच्या परीक्षा अशा असतात का गं?

सरलाताई


चंडीगड
१५ नोव्हेंबर १९९९

ताई आणि भाऊजी,

दोघांना एकच पत्र लिहिते. आता लपवण्यासारखं काही राहिलं नाही.

भाऊजींसाठी तो लेख काढला, तो डोक्यातून जाईना. अठरा सप्टेंबरच्या वर्गात मी तोच वाचायला घेतला. डॉक्टरांची नावं, औषधाचं नाव, सगळं काळ्या शाईनं झाकलं. पण एका मुलानं तक्ता ओळखला. त्याच वॉर्डात काम करतो तो. हसू आलं पोरांना, आणि सोमवारपर्यंत गोष्ट वर पोचली.

पुढच्या शनिवारी डॉ. इंद्रजित स्वतः आले आणि मागच्या बाकावर बसले. मी थांबले नाही. थांबले असते तर परत कधी उभी राहिले नसते. संपल्यावर त्यांनी सगळ्यांसमोर विचारलं, "आप डॉक्टर हैं?"

"नहीं सर."

"कभी किसी मरीज़ को हाथ लगाया है?"

"नहीं सर. मैं सिर्फ़ पढ़ती हूँ कि क्या लिखा है और क्या नहीं लिखा."

ते आवाज न चढवता उठून गेले. मंगळवारी कागद आला: वर्ग पुढील सूचनेपर्यंत बंद, आणि माझी नेमणूक तळघरात, बांधणीला. भाऊजी, तुमचं 'हात लावलेला नाहीस' नेमकं त्याच आठवड्यात आलं. सिंगापूरचं मी जे लिहिलं ते त्यांच्यावरचा राग तुमच्यावर काढला. मला क्षमा करा. आणि हे तुमच्यापासून लपवलं, कारण तुम्ही म्हणाल, बघ, मी सांगत होतो. तेवढं ऐकायची ताकद नव्हती.

ताई, तुझं पत्र मी बसस्टँडवर उभ्यानं वाचलं. तीन बस सोडल्या. दुसऱ्या दिवशी तू कळवलेले कॅलेंडरवरचे आकडे एका कागदावर उतरवून मी डॉ. इंद्रजितांच्या खोलीत गेले. बोलावलं नव्हतं. त्यांनी पूर्ण वाचलं, खरंच वाचलं. म्हणाले, "एक औरत, छह हफ़्ते. आप ही तो सिखाती हैं कि एक से कुछ साबित नहीं होता." ते बरोबरच आहे. मग मी म्हटलं, "सर, इकतालीस भी हैं." तेव्हा ते थकल्यासारखे वाटले. कोणाची गव्हाची कापणी, कोणाच्या मुलीचं लग्न, कोण बठिंड्याहून कोण करनालहून. कुठं शोधत बसू, म्हणाले. लबाड माणूस नाही तो. त्यानं विचारलं नाही, इतकंच. आणि विचारलं नाही म्हणून काही झालं नाही असं धरून चालला.

भाऊजी, तुमचे आठच आहेत. आणि ते कुठल्या गल्लीत राहतात ते तुम्हाला माहीत आहे. हे इथलं कोणी करू शकत नाही, मी तर नाहीच. काय सापडेल याची भीती वाटणार. तरी जा. ताईला बरोबर न्या.

तुमची,
प्रतिमा


पुसद
२० डिसेंबर १९९९

प्रिय प्रतिमा,

क्षमा मागायची ती मी. ते राहू दे, आधी हिशेब सांगतो.

आठही घरं झाली. सरला बरोबर होती. स्कूटरवर मागे बसते, गुडघा दुखतो म्हणून एक पाय लांब सोडून. बायका मला जे सांगत नाहीत ते तिला सांगतात, हे या वयात मला कळलं.

दोन जण खरंच बरे आहेत. मी म्हणालो तसंच, बरं वाटलं म्हणून आले नाहीत. एक नागपूरला मुलाकडे गेले, त्यांचा पत्ता लागला नाही. चौघांनी गोळी आपणहून सोडली. चौघांचेही पाय सुजले होते, दोघांना दम लागत होता. एकीला विचारलं, मला येऊन का नाही सांगितलंस? ती म्हणाली, "डॉक्टर, तुम्ही इतक्या हौसेनं दिली होती. वाईट वाटलं असतं तुम्हाला."

प्रतिमा, एकतीस वर्षं मी समजत होतो की जो येत नाही तो बरा झाला. त्यातले किती माझं मन राखायला आले नाहीत?

आठवं घर गोकर्णाबाईंचं. धरणाकडच्या वस्तीत राहायच्या. यजमान गजाननराव, विजेच्या खात्यात लाइनमन होते. मे महिन्यात मी त्यांना गोळी दिली, जूनमध्ये पुन्हा लिहून दिली. दाराला कुलूप होतं. शेजारीण म्हणाली, "बाई गेल्या ना जुलैमधी. दम कोंडला. जीपमधी घालून उमरखेडकडे नेत होते, वाटेतच गेल्या. पाय तर असे झाले होते, हंड्यावानी." गजाननराव मुलीकडे गेले होते, म्हणून भेट झाली नाही.

दवाखान्यात आलो आणि त्यांचा केसपेपर काढला. शेवटी माझ्याच अक्षरात लिहिलंय: 'आराम. पुढे आल्या नाहीत.'

तुझ्या तक्त्याबाहेरच्या एक्केचाळिसांत एखादी गोकर्णाबाई असेल, तर तिच्यापुढेही हेच लिहिलेलं असणार.

गोळीनंच गेल्या असं मी म्हणू शकत नाही. अडुसष्ट वर्षांच्या होत्या, बी.पी. होतंच. नाही गेल्या असंही म्हणू शकत नाही. गजाननराव पुढच्या महिन्यात परत येतील. त्यांना जाऊन सांगू का? काय सांगू? ज्याची खात्री नाही ते सांगून त्या माणसाला उरलेलं आयुष्य पोखरत ठेवायचं? की गप्प बसायचं? सरलाला विचारलं तर ती म्हणते, तुमचं तुम्हाला कळेल. मला कळत नाही. जेवण जात नाही.

श्यामकांत


चंडीगड
२२ जानेवारी २०००

भाऊजी,

हा प्रश्न मला सुटत नाही. वर्गात मी जे शिकवत होते ते इथपर्यंत पोचत नाही. गोकर्णाबाई कशानं गेल्या हे आता कोणीच सांगू शकणार नाही. पण 'मला माहीत नाही' हेसुद्धा कोणाला तरी समोर जाऊन सांगता येतं. मी तुमच्या जागी असते तर गेले असते, असं वाटतं. असते का, कोण जाणे.

तुमच्या आठ जणांची यादी, नावं काढून, डॉ. इंद्रजितांना दिली. "ये मेरी स्टडी के नहीं हैं," म्हणाले. मग कागद घडी करून खिशात ठेवला. चार दिवसांनी त्यांचा माणूस तळघरात आला आणि माझ्या टेबलावर फॉर्मचा गठ्ठा ठेवून गेला. एक्केचाळीस. वर चिठ्ठी होती, पत्ते लिहून सगळ्यांना जबाबी कार्ड टाका, विचारा की का आला नाहीत. आतापर्यंत नऊ उत्तरं आलीत. गुरुमुखीत आहेत ती शिशिरच्या ऑफिसातले एक सरदारजी वाचून देतात. काय लिहिलंय ते सगळी आल्याशिवाय मी कोणाला सांगणार नाही, तुम्हालाही नाही. नऊ म्हणजे एक्केचाळीस नव्हेत.

वर्ग अजून बंदच आहे. मी अजून तळघरातच आहे. थंडी इतकी की शाई गोठेल असं वाटतं.

ताईच्या गुडघ्यांना शेक देत जा.

प्रतिमा


पुसद
६ फेब्रुवारी २०००

प्रिय प्रतिमा,

परवा गजाननरावांकडे गेलो. एकटाच गेलो. सरला यायला निघाली होती, मी नको म्हटलं.

ते अंगणात खुर्ची टाकून बसले होते. मला पाहून उठायला लागले, मी हातानं बसा म्हटलं. पाणी आणलं नातीनं. मी घोकून गेलो होतो ते सगळं विसरलो. शेवटी एवढंच म्हणालो, "गजाननराव, मी बाईंना गुडघ्याची गोळी दिली होती. त्या गोळीनं काहींच्या अंगावर सूज येते, दम लागतो, हे मला तेव्हा माहीत नव्हतं. माहीत करून घ्यायला हवं होतं. बाई त्यानं गेल्या की नाही, मला सांगता येत नाही. पण ती गोळी मी दिली होती, हे तुमच्या कानावर घालायला आलो."

ओरडतील, हाकलतील, रडतील. मी सगळ्याची तयारी ठेवली होती. ते म्हणाले, "हिरव्या पट्टीची, तीच ना?"

मी हो म्हटलं.

"तिच्या डब्यात बऱ्याच उरल्या होत्या. टाकायच्या कशाला म्हणून मीच घेतो. दिवाळीपासून. उरलेल्या संपल्या तशा दुकानातून आणतो, तुमचीच चिठ्ठी दाखवून. गुडघ्याला लई चांगली आहे, डॉक्टर."

प्रतिमा, मी त्यांच्या पायाकडे तेव्हा पाहिलं. धोतराखाली झाकलेले होते. खाली बसलो, धोतर वर केलं आणि अंगठ्यानं दाबलं. खड्डा पडला तो भरायलाच तयार नाही. छातीला स्टेथोस्कोप लावला तर खालच्या भागात बुडबुडे वाजत होते. मला रात्री उशीला टेकून झोपावं लागतं, म्हणाले, थंडीमुळे असेल.

शेजाऱ्याची जीप काढायला लावली आणि सरळ पुसदला आणलं. वाटेत त्यांचा हात माझ्या हातात होता आणि मी नाडी मोजत होतो, पण आकडा डोक्यात राहत नव्हता. सरकारी दवाखान्यातल्या फिजिशियननं लगेच इंजेक्शन दिलं. आज तिसरा दिवस. पाणी उतरतंय, सपाट झोपू शकतात. आणखी आठ-दहा दिवस गेले असते तर मी त्यांनाही घरी भेटलो नसतो. तू जा म्हणाली नसतीस तर कदाचित गेलोच नसतो. त्या औषधाच्या दुकानदाराला माझी चिठ्ठी परत मागून आलो आणि ती फाडली.

संध्याकाळी त्यांचा डबा घेऊन सरला गेली. तिला ते म्हणाले, डॉक्टरांना सांगा, घरी येऊन सांगितलं हे बरं केलं. याहून जास्त ते काही बोलले नाहीत. बोलतीलही पुढे; ऐकून घ्यायचं.

तुझी कार्डं आली की मोज. सगळी येऊ देत, घाई करू नकोस. वर्ग सुरू झाला की मला कळव. एखाद्या शनिवारी येऊन मागच्या बाकावर बसीन म्हणतो.

आत्ता सकाळचे सात वाजलेत. सरला तयार होऊन स्कूटरपाशी उभी आहे आणि हाका मारतेय, म्हणून आवरतो. आज ते उरलेले नऊ जण गाठायचेत, जे परत आले होते आणि बरे आहोत म्हणाले होते. गुडघ्याचं त्यांनी सांगितलं आणि मी ऐकून लिहून घेतलं. त्यांचे पाय मी कधी पाहिलेच नाहीत.

तुझा,
श्यामकांत